बुवांची वही आणि शिष्येचा फोन

सांगलीच्या गावभागातून एका गायन शिक्षिकेने शाईच्या पेनाने लिहिलेलं चार पानी पत्र पाठवलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

वय बावन्न. शाळकरी वयापासून त्या मिरजेच्या एका बुवांकडे समोर बसून शिकल्या. बुवांनी कधी टेपरेकॉर्डर लावू दिला नाही. गाणं मांडीला मांडी लावूनच येतं, हा त्यांचा दंडक. बुवा गेल्यावर त्यांची हस्तलिखित बंदिशींची वही या बाईंकडे आली. 2019 च्या महापुरात ती माळ्यावर होती म्हणून वाचली, पण काही पानांना ओल लागलीच. बाई आज घरी माजघरात शिकवतात, खऱ्या तंबोऱ्यावर, परीक्षांची घाई न करता. पहाटेचा खर्जाचा, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांचा, रियाज अजून चुकलेला नाही. मात्र विद्यार्थी कमी होत चाललेत. पालक म्हणतात, क्लासचे व्हिडिओ टाका, सरावाला रेकॉर्डिंग द्या. पुण्यातल्या मुलाने फोन आणि स्टँड आणून दिला, सुनेने इन्स्टाग्रामवर पान उघडून दिलं. ते रिकामंच आहे. न्यू जर्सीत राहणारी एक मराठी मुलगी ऑनलाइन शिकवा म्हणून मागे लागली आहे आणि तिच्या सोयीची वेळ नेमकी इथली पहाट आहे. त्यातच गेल्या महिन्यात आठ वर्षं शिकलेल्या, हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थिनीने बुवांच्या वहीतली एक बंदिश न विचारता रील करून टाकली. चाळीस हजार लोकांनी ती पाहिली. खाली बाईंचं नाव होतं आणि हात जोडल्याची खूण होती. तेव्हापासून बाई तिच्याशी बोललेल्या नाहीत. त्या विचारतात, "मला साधं राहायचंय. बुवांनी दिलं तसंच पुढे द्यायचंय. तसं राहिले तर क्लास बंद पडेल, आणि काळाबरोबर गेले तर बुवांशी बेइमानी होईल. मी काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रश्न एकच विचारलात, पण पत्रात मला चार दिसले. शिष्येवरचा राग, बुवांचा शब्द, रोडावत चाललेला क्लास आणि हातची जाऊ पाहणारी पहाट. या सगळ्यांना मिळून तुम्ही 'काळ' असं एकच नाव दिलंत, म्हणून ते असे अंगावर आलेत. काळाशी भांडून कोणाचं काही चालत नाही. या चार गोष्टींचं मात्र एकेक करून बघता येईल.

शिष्येपासून सुरुवात करते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. तुम्ही लिहिता, "तिने बुवांची बंदिश बाजारात मांडली." आणि लगेच पुढे तुम्हीच सांगता की खाली तुमचं नाव होतं. ज्याला लपवायचं असतं तो नाव कशाला लिहील? त्या मुलीला तुमची शिष्या म्हणवून घ्यायचा अभिमान वाटत होता, असंच मला त्यातून दिसतं. दुसरं असं, की या वहीतलं बाहेर गायचं नाही हा नियम तुम्ही तिला कधी सांगितला होता का? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तसा उल्लेख कुठे नाही. बुवांच्या घरी तो सांगावा लागत नव्हता. तिथे थोरल्या शिष्यांकडे बघून धाकट्यांना कळायचं. या मुलीच्या वयाच्या पोरांना गाणं बसलं की ते लोकांपुढे टाकायचं, हेही असंच कोणी न सांगता कळलेलं असतं. तुम्ही दोघी आपापल्या नियमाने वागलात आणि तो एकमेकींना बोलून दाखवायचा राहिला.

एक विचार करून बघा. हीच बंदिश तिने गणपतीत गल्लीच्या मंडपात न विचारता गायली असती, तर तुम्हाला कमी लागलं असतं का? मला नाही वाटत. म्हणजे तुम्हाला लागलंय ते न विचारल्याचं. ते लागणं रास्त आहे, त्याबद्दल तिला स्पष्ट बोला. पण त्याचं खापर फोनवर फोडून आठ वर्षांची शिष्या गमावू नका. तिला बोलवून घ्या. ते रील तिच्याबरोबर बसून ऐका आणि रोज शिकवता तसंच शिकवा: मुखडा कुठे घाईत आला, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे निसटती लागली, कुठलं बोल-अंग चांगलं उतरलं. मग बुवांचा दंडक सांगा. रील ठेवायचं की काढायचं हे त्यानंतर ठरवा. मला विचाराल तर, जे चाळीस हजार लोकांनी ऐकलंय ते काढून फारसं काही साधत नाही. पण तुमच्या मनाला ते सलत राहणार असेल तर तिला तसं सांगा. ती काढेल.

आता बुवांचा शब्द. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचं सगळं अडलंय ते इथेच.

बुवांनी टेपरेकॉर्डर का लावू दिला नसेल? समोर यंत्र ऐकतंय म्हटलं की शिष्याचा कान सैल पडतो, 'घरी जाऊन ऐकू' असं होतं. शिकवताना गवई एक जागा चारदा वेगवेगळी घेऊन बघतो, मोडतो, पुन्हा जुळवतो; त्यातलं अर्धंमुर्धं बाहेर गेलं की तेच त्याचं गाणं म्हणून फिरतं. शिवाय तालीम न घेता नुसती नक्कल करणारे असायचेच. ही तिन्ही कारणं खरी आहेत आणि आजही लागू आहेत. पण तिन्हींमध्ये चिंता आहे ती शिकण्याची. यंत्र अपवित्र आहे असं त्यात कुठेच नाही.

आणि ताई, बुवा वही लिहीत होते! हे तुमच्या ध्यानात आलंय का? बंदिश स्वरलिपीत कागदावर उतरवणं हीसुद्धा एके काळी नवी आणि अनेक जुन्या गवयांना न पटणारी गोष्ट होती. तुमच्या मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर लाहोरला गेले, तिथे 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी तयार केली, बंदिशींची पुस्तकं छापली. ज्यांच्या घरात गाणं तोंडातून कानात एवढंच जात होतं, त्यांना छापखाना म्हणजे आज तुम्हाला इन्स्टाग्राम वाटतं तसंच वाटलं असणार. तुमच्या बुवांनी टेप नाकारली आणि वही स्वीकारली. याचा अर्थ त्यांनी निवड केली होती. तुम्ही निवड केलीत तर ती बेइमानी कशी होईल?

त्या वहीबद्दलच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ओल लागलेल्या पानांवर शाई पसरली आहे, असं तुम्ही लिहिलंय. स्वर लिहिण्याच्या भातखंडे पद्धतीत कोमल स्वराची खूण म्हणजे अक्षराखालची एक आडवी रेघ. शाई पसरली की आधी जाते ती रेघच. अक्षर वाचता येतं, रेघ गेलेली असते, आणि कोमल गंधार डोळ्यांना शुद्ध दिसायला लागतो. सरळ रागात चूक लगेच पकडता येईल. पण ज्या अनवट रागात दोन्ही गंधार येतात, तिथे कुठल्या जागी कोणता, हे आज फक्त तुम्ही सांगू शकता. उद्या ती वही शिष्येच्या हातात जाईल तेव्हा तिला विचारायला कोणी नसेल. 2005, 2019, 2021 अशी तीनदा कृष्णा सांगलीत शिरली. गावभागातल्या घरात एकाच प्रतीत असलेल्या वहीचं रक्षण माळा किती वेळा करणार?

म्हणून फोनचा पहिला उपयोग हा करा, आणि त्यासाठी इंटरनेटसुद्धा लागत नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, फ्लॅश न लावता, प्रत्येक पान पूर्ण येईल असे ओळीने फोटो काढा. कोऱ्या पानांचेही काढा, म्हणजे क्रम चुकत नाही. मग रोज एक-दोन बंदिशी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर म्हणजे मध्येच कोणाचा कॉल येत नाही, आणि तोंडापासून दोन-तीन हातांवर. सुरुवातीला राग, ताल, बंदिश बुवांना कोणाकडून मिळाली ते माहीत असेल तर ते, असं बोलून घ्या. स्थायी-अंतरा सावकाश दोनदा गा. मैफल नाही ही, ताना-आलाप नकोत. शेवटी जिथे शाई गेली आहे त्या जागांचे स्वर नावं घेऊन म्हणा. हे सगळं फोनमध्येच ठेवलंत तर फोन बिघडला की गेलं. एक प्रत मुलाकडे पुण्याला, एक हार्ड डिस्कवर, आणि तीही पुराचं पाणी पोचत नाही अशा एखाद्या नातेवाइकाच्या घरी. यातलं काहीही लोकांपुढे टाकायची गरज नाही. पुढे ते कोणी ऐकायचं, हे तुम्ही लिहून ठेवा.

भास्करबुवा बखले 1922 मध्ये गेले. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव त्यांच्याकडे शिकले. एवढ्या मोठ्या गवयाच्या आवाजाची ग्रामोफोनची एक तबकडी आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. शिष्यांतून गाणं पुढे आलं हे खरं, आणि तुमच्या बुवांचं म्हणणं त्यातून सिद्धही होतं. तरी आज गाणं शिकणाऱ्या कोणालाही विचारा, भास्करबुवांचा एक षड्ज ऐकायला मिळाला तर काय द्याल म्हणून.

उलट बाजूही तुमच्याच मिरजेतली आहे. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबरही तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. त्यांनी तबकड्या दिल्या. एका बाजूला साधारण तीन मिनिटं, तेवढ्यात जे मावेल ते. त्यातलीच एक गदगकडच्या एका मुलाच्या कानावर पडली आणि गाणं शिकायचं म्हणून त्याने 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, घर सोडलं. ते भीमसेन जोशी. पण तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून ते भीमसेन झाले नाहीत. गुरू शोधत उत्तरेत वणवण केली आणि शेवटी खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळला जाऊन राहिले, पाणी भरलं, तालीम घेतली. तबकडीने ओढ लावली, कान मात्र गुरूसमोर बसूनच तयार झाला. तुमच्या सगळ्या पेचातून वाट काढायला मला हाच फरक उपयोगी वाटतो.

तुम्ही 'साधं' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे उपकरणं नसलेलं घर असतं. पण पत्रात तुम्ही स्वतःच्या दिवसाचं जे वर्णन केलंय त्यात साधेपणा कशात आहे? पहाटेच्या खर्जात. एका वेळी दोन-तीन मुलांपलीकडे न घेण्यात. मध्यमा-विशारदच्या परीक्षांसाठी कोणाला धाववत न नेण्यात. फोन घरात नसला तरी कोणी दिवसाला दहा बॅचेस चालवून दमून जाऊ शकतो, आणि फोन असला तरी तुमची पहाट तुमचीच राहू शकते.

सांगली-मिरजेचं जुनं तरी कधी नुसतं जुनं होतं? 1850 च्या सुमाराला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचं काम हातात घेतलं, तिथून मिरजेचा तंबोरा उभा राहिला. त्याच सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 1910 च्या आसपास सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचं, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचं, गणित मांडत होते, क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुती दाखवणारी पेटी घडवण्याच्या खटाटोपात होते, आणि त्यांना स्वर गाऊन दाखवायला कोण होतं, तर अब्दुल करीम खाँसाहेब. सुराच्या बाबतीत ज्यांच्याइतकं हळवं कोणी नव्हतं, ते मोजमाप करणाऱ्यांसमोर निवांत बसले.

याचा अर्थ आलं ते सगळं घ्यावं असा मात्र नाही, आणि 'तुमचं जुनंही कधीतरी नवंच होतं' असं म्हणून तुम्हाला गप्प करणाऱ्यांतली मी नाही. पेटीचंच बघा. आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं साथीच्या पेटीला बंदी घातली होती. बंदी टिकली नाही, पण आक्षेप खरा होता: पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, तिचे स्वर बांधलेले. पेटीवर शिकलेल्या पोरांचा गंधार पेटीसारखाच लागतो, हे तुम्ही रोज ऐकता. काहीतरी गेलंच ना! तेव्हा नवीन यंत्र दारात आलं की त्याला एकच विचारा: याने शिष्याचा कान घडतो की कानाचं काम हे स्वतः करून टाकतं? कानाचं काम करणारं यंत्र माजघराबाहेर. फक्त श्रम, खर्च, अंतर वाचवणारं असेल तर खुशाल आत घ्या, मनाला टोचणी न लावता.

तंबोऱ्याच्या अॅपवरून तुमचा पालकांशी वाद झालाय. त्याला हेच लावून बघू. प्रत्येक पालकाला खरा तंबोरा घेणं परवडत नाही, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तो उभा करायला कोपरा नसतो. घरी रियाजाला अॅप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा असू दे. तसा तो 1979 पासून आहे, बंगळुरूच्या राज नारायण यांनी पहिला बनवला, आणि मोठमोठे गवई प्रवासात तो वापरत आलेत. फक्त फोनच्या स्पीकरवर लावू नका म्हणावं. त्या एवढ्याशा स्पीकरला खर्ज पेलत नाही, खर्जासोबत उमटणारे वरचे स्वर तेवढे ऐकू येतात आणि मूल हळूहळू त्यालाच खर्ज समजायला लागतं. बरा स्पीकर किंवा हेडफोन लावावा.

क्लासमध्ये मात्र खराच तंबोरा, आणि तो तुम्ही लावून ठेवायचा नाही. मुलाने लावायचा. आधी जोड, म्हणजे मधल्या षड्जाच्या दोन तारा, मग पंचम, मग खर्ज, मग मणी सरकवून बारीक काम. घोडीवरचा जवारीचा दोरा केसाएवढा पुढे-मागे केला की बंद आवाज उघडतो, आणि चांगल्या लागलेल्या खर्जातून कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. तो स्वयंभू गंधार पहिल्यांदा ऐकू येतो तेव्हा मुलाचा चेहरा कसा होतो, हे तुम्ही कित्येकदा पाहिलं असेल. अॅपमध्ये तो गंधार आहे, खऱ्या तंबोऱ्यावरून ध्वनिमुद्रित केलेला. पण तो मुलाने स्वतः मिळवलेला नाही. आणि स्वर बरोबर लागला की काटा हिरवा होतो ती ट्यूनरची अॅप्स क्लासमध्ये सक्त बंद. तिथे पोरं काट्याकडे बघून सूर लावतात, कान रिकामाच बसतो.

रेकॉर्डिंगचं असं करा. पूर्ण तास रेकॉर्ड करू देऊ नका, बुवांचं कारण तिथे शंभर टक्के लागू आहे. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. त्या दिवशीचा पाठ तुम्ही एकदा सलग गायचा आणि तेवढाच मुलाने फोनमध्ये घ्यायचा. त्याआधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत. यात आणखी एक फायदा आहे: दहा मिनिटांत पाठ सलग गायचा म्हटलं की आपण आज नेमकं काय शिकवलं हे आपल्यालाही नीट दिसतं. मोठ्या मुलांना स्वतःचा रियाज रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकायला लावा. त्याच दिवशी ऐकलं तर गाताना मनात होतं तेच ऐकू येतं. आरशासारखं काम करतं ते, आणि ही शिस्त तुम्हीही लावून बघा असं मी सुचवेन.

आता न्यू जर्सी. तिचा सूर आधीच बसलेला आहे का, हे पहिल्यांदा बघा. सूर न लागलेलं नवं मूल ऑनलाइन घेऊ नका, मग ते कुठल्याही देशातलं असो. स्वर तंबोऱ्यात मिसळतोय की नाही हे कळायला आवाज आणि तंबोरा दोन्ही एकाच खोलीत ऐकावे लागतात. पाया झालेल्या शिष्येला मात्र बंदिश, आलापाची वाट, राग कसा मांडायचा हे दुरून शिकवता येतं. दोघींनी एकदम गायचं नाही. आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि लय फाटते. तुम्ही गा, थांबा, मग तिने गावं. तंबोरा दोन्हीकडे आपापला. आणि एक गोष्ट मुलाकडून आधीच करून घ्या: झूमसारखी अॅप्स एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून दाबून टाकतात, म्हणजे नेमका तंबोराच गायब होतो आणि लांबवलेला षड्ज मध्येच विरतो. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' अशी सोय आहे, ती दोन्हीकडे चालू हवी. तीन क्लासनंतर शिकवण्यात दम वाटला नाही तर मोकळेपणाने थांबवा. दम वाटला तर सुट्टीत भारतात येईल तेव्हा पंधरा दिवस सांगलीत येऊन समोर बसायची अट घाला.

वेळेबाबत मात्र मी अजिबात तडजोड सुचवणार नाही. पहाटे साडेपाचला तुमचा खर्ज चालू असतो तेव्हा तिकडे आदल्या संध्याकाळचे सात-आठ वाजलेले असतात, म्हणून तिला ती वेळ हवीय. पण तुमच्या शनिवारच्या संध्याकाळी सात वाजता तिकडे शनिवारचे सकाळचे साडेआठ-साडेनऊ होतात. तिला सुट्टी, तुमचा रियाज शाबूत. ती खरंच शिकणारी असेल तर शनिवारी सकाळी लवकर उठेल. फीबद्दल संकोच बाळगू नका. तुम्ही गेली कित्येक वर्षं फी वाढवलेली नाही, हेही पत्रात जाता जाता आलंय. साधं राहणाऱ्याने स्वस्तात शिकवलं पाहिजे असं कोणी ठरवलं? दूरच्या शिष्येकडून नीट फी घ्या, म्हणजे सांगलीतल्या एखाद्या गरजू मुलाला कमी पैशात शिकवणं परवडेल.

राहिलं सुनेने उघडलेलं पान. रोज काहीतरी टाकत राहणं तुमच्याच्याने होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. पण तुम्ही आहात हेच सांगलीतल्याच विश्रामबागेतल्या पालकांना कळत नसेल तर ते येणार कुठून? क्लास कुठे, केव्हा, किती वयापासून, कसं शिकवता, एवढं चार ओळींत लिहा. तुमच्या गाण्याची दोन चांगली मुद्रणं लावा आणि पान तसंच राहू द्या. गूगलच्या नकाशावर क्लासचा पत्ता घालून घ्या. शहरात नवी बदली होऊन आलेली माणसं तिथेच शोधतात. विलंबित ख्यालाचा तुकडा रील म्हणून टाकू नका. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं असतं, सम यायच्या आत बघणारा पुढच्या रीलकडे जातो, मग त्याला मिळालं काय? तराणा, भजन, मध्यलयीतली छोटी चीज अशी थोड्या वेळात पुरी होणारी गोष्ट घ्या. खाँसाहेबांनी तीन मिनिटांसाठी निवडूनच गायलं होतं. आणि हे काम तुमच्या त्या विद्यार्थिनीकडे सोपवता येईल. काय टाकायचं ते तुम्ही सांगायचं, कसं टाकायचं ते तिने बघायचं.

तुमच्यासारखीच पत्रं मला वाईच्या एका चित्रकाराकडून, कराडच्या एका कीर्तनकारांकडून आली आहेत. कला वेगळी, अडचण तीच. त्यांनाही मी हेच लिहिलं: घरच्यांनी, पालकांनी, शिष्यांनी तुमचे नियम ओळखावेत अशी अपेक्षा ठेवू नका, ते लिहून द्या. तुम्ही तुमच्या त्या सुंदर अक्षरात एक पान लिहा. तास चालू असताना फोन कुठे राहील, रेकॉर्डिंग किती आणि कशाचं, घरी अॅप कसं लावायचं, वहीतल्या कोणत्या बंदिशी विचारल्याशिवाय बाहेर गायच्या नाहीत, परीक्षेला केव्हा बसवाल, फी किती. शेजारच्या दुकानातून त्याच्या झेरॉक्स काढा आणि दर नव्या पालकाला चहा देताना वाचायला द्या. ज्यांना पटणार नाही ते पहिल्याच दिवशी दुसरीकडे जातील, तुमचा आणि त्यांचा वेळ वाचेल. जूनला शाळा उघडल्या की नव्या चौकश्या सुरू होतात, त्याच्या आत हे पान तयार असू द्या.